पेटीच्या झाकणाची आतली बाजू

मागच्या वर्षी मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, आमच्या भाड्याच्या घरातल्या हॉलमध्ये धप्प असा आवाज झाला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर भिंतीवरचा थर्माकोलचा बोर्ड खाली आलेला, त्यावरचे कागद पंख्याच्या वाऱ्यानं हॉलभर पळतायत आणि आई जागेवर नाही. ती पंख्याखाली वाकळ शिवत बसली होती. सुई टाक्यातच अडकलेली, चष्मा फरशीवर. आई गेटच्याही बाहेर, रस्त्यावर, बेचाळीस अंशांच्या उन्हात अनवाणी उभी होती. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे इतके दुखतात की संडासला जायचं म्हटलं तरी भिंतीला धरून उठते. ती एवढ्या चपळाईनं बाहेर पोचली कशी, हे तिलाही कळलं नसावं.

"भिंत गेली का?" तिनं विचारलं.

"भिंत नाही गं. बोर्ड पडला. चिकटपट्टी सुटली."

"मग लावावं कशाला असलं," म्हणत ती आत आली, पाय पोळल्यामुळं टाचांवर चालत. चष्मा लावला आणि पुन्हा सुई हातात घेतली. हात थरथरत होता म्हणून दोनदा चुकीच्या जागी टोचली. मी काही बोलले नाही.

हा बोर्ड म्हणजे लेकीचं खूळ. ती पुण्यात आर्किटेक्चर शिकते. लातुरात आमचा तीस बाय चाळीसचा प्लॉट अकरा वर्षं नुसतं गाजरगवत वाढवत पडला होता. शेवटी एकदाचं बांधायचं ठरलं, कर्ज मंजूर झालं, तेव्हा तिनं फोनवर फर्मान काढलं, "आई, आधी मूडबोर्ड कर. नाहीतर मिस्त्री म्हणेल तसलं घर होईल." मूडबोर्ड म्हणजे काय, तर रंग, कापड, फरशी, लाकूड यांचे तुकडे आणि आवडलेली चित्रं एका फळ्यावर शेजारी शेजारी लावायची आणि त्यांचं एकमेकांशी पटतंय का ते बघायचं. घर व्हायच्या आधी घराचा स्वभाव ठरवायचा. कल्पना मला आवडली. असाच दुसरा एक प्रकार असतो, व्हिजन बोर्ड. त्यावर गाडी, परदेशातलं विमानतळ, सपाट पोट वगैरे लावायचं आणि रोज सकाळी बघायचं, म्हणजे ते मिळतं म्हणे. त्याच्या वाटेला मी गेले नाही. खरं तर लातुरात राहणाऱ्याला त्याचं नवलही नाही. आमच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी चार पोरं भाड्यानं राहतात. त्यांच्या भिंतींवर सूत्रं, आवर्तसारणी, आणि ७२० पैकी किती पाडायचे तो आकडा लाल स्केचपेननं लिहून चिकटवलेला असतो. पोरं बदलतात, आकडा तोच राहतो. वर्षाअखेरीस घरमालक चिकटपट्टीनं निघालेल्या रंगाचे पोपडे मोजतात आणि डिपॉझिटमधून कापतात.

तर मी पिंटरेस्ट उघडलं. २०१० साली निघालेल्या या प्रकाराच्या नावातच टाचणी आहे. आवडलेलं चित्र टोचून ठेवायचं. मी महिनाभर टोचत होते. रात्री भांडी झाल्यावर तासभर. एक पांढरं स्वयंपाकघर बघितलं की शंभर पांढरी स्वयंपाकघरं समोर येतात, आणि शंभर बघितली की वाटायला लागतं, स्वयंपाकघर पांढरंच असतं, आपलंच काहीतरी चुकत होतं. त्यातली चाळीसेक चित्रं मी बाजारातल्या एका दुकानातून रंगीत छापून आणली. राखाडी सोफा छापून निळा आला, लाकूड छापून गाजराच्या रंगाचं आलं. लेक म्हणाली, स्क्रीन स्वतः उजेड टाकतो आणि कागद उजेड परत देतो, दोन्ही सारखे कसे दिसतील? तरी मी ती लावली. थर्माकोलची शीट, त्यावर डबल टेप, मागं परत डबल टेप. मेमधल्या लातूरच्या भिंतीवर डबल टेप! पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावला तर तव्यासारखी लागते. ती चिकटपट्टी तीन दिवस टिकली हेच खूप झालं.

पण बोर्ड पडला ते बरंच झालं. कारण विखुरलेले कागद गोळा करताना ते मला पहिल्यांदा एकेक करून दिसले. पांढरी भिंत, फिकट लाकूड, राखाडी पायपोस, मोठ्या खिडकीतून आलेला दुधासारखा उजेड. हा उजेड आपल्याकडं पडतच नाही. उत्तरेकडच्या थंड देशांत सूर्य खालून तिरपा येतो, महिनेच्या महिने मिळत नाही, म्हणून तिथली माणसं खिडक्या मोठ्या करतात आणि भिंती पांढऱ्या ठेवतात. असेल तेवढा उजेड घरात खेळवतात. आपण इथं फेब्रुवारीपासून उजेड बाहेर कसा ठेवायचा या विवंचनेत. त्यात काळ्या रानाची धूळ. नांगरट चालू झाली की दर दोन दिवसांनी टीव्हीवर बोटानं नाव लिहिता येतं, तिथं पांढरा सोफा! एका चित्रात तर हॉलमध्ये दगडी भिंतीवरून पाणी झिरपत होतं. ते मी कुठल्या तंद्रीत निवडलं होतं, देव जाणे. २०१६ च्या एप्रिलमध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा डबे होते, पाच लाख लिटर पाणी आलं आणि ते बघायला माणसं स्टेशनच्या बाजूला जमली होती. आमच्या नळाला तेव्हा कित्येक दिवस टिपूस नव्हता. त्या गावातली बाई हॉलमध्ये धबधबा लावणार होती.

कागद गोळा करायला आईही वाकली. एक कागद तिनं डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"हे साणं हाय की," ती म्हणाली.

चित्रात एक अंधारी खोली होती आणि छतातल्या चौकोनातून उन्हाचा झोत जमिनीवर पडला होता. खाली इंग्रजीत 'स्कायलाइट' असं लिहिलेलं. मी ते का निवडलं, मला सांगता आलं नसतं. नुसतं टोचलं होतं. तिच्या तोंडून 'साणं' ऐकलं आणि एकदम सगळं घर आठवलं.

औसा तालुक्यातलं आमचं गाव. घर माळवदाचं. ज्यांनी माळवद बघितलं नाही त्यांच्यासाठी: जाड तुळया, त्यांवर आडवी किलचनं, त्यावर पाला आणि वर दीड-दोन फूट पांढरी माती. काळी माती पिकाची, पांढरी माती घराची, असा सरळ हिशेब. भिंती दोन-अडीच फूट जाड, आत कोनाडे, देवळ्या, खुंट्या. घराला खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड यायचा तो छताला ठेवलेल्या साण्यातून. पाऊस आला की कुणीतरी शिडीनं वर पळायचं आणि साण्यावर फुटकं घमेलं पालथं घालायचं. तो मान बहुतेक माझा असायचा. माळवदावर मिरच्या, सांडगे, कुरडया वाळत असत आणि एका घराच्या माळवदावरून चार घरं ओलांडून मावशीकडं जाता यायचं. घरात मात्र भर दुपारीही गारवा आणि अंधार, आणि त्या अंधारात साण्यातून आलेला उन्हाचा एक खांब. त्यात धुळीचे कण वरखाली होत असत. मी त्यात हात घालून बसत असे. आजीचं घड्याळ तेच. उन्हाचा तुकडा जात्यावर आला की भाकरी थापायला घ्यायच्या, रांजणापाशी पोचला की रानातल्या माणसांचं जेवण पाठवायचं. उन्हाळ्यात आणि थंडीत तो तुकडा वेगळ्या जागी पडतो, हे तिला माहीत होतं. वर्षभराचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे तीन छप्पनला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय आणि माझ्याकडून लिहवतही नाही. आमचं गाव त्या मानानं वाचलं. नंतर इंजिनिअर येऊन सांगत होते ते मात्र मला पक्कं आठवतं, कारण मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मोठ्यांच्या घोळक्यात घुसून ऐकत होते. जाड भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती, मध्ये माती आणि दगडाचे तुकडे. दोन्हींना जोडणारे लांब आडवे दगड घातलेले नसले की हादऱ्यानं त्या पाकळ्यांसारख्या सुटतात आणि मग वरचं मातीचं ओझं खाली येतं. आमच्या घराच्या तुळया लाकडी खांबांवर होत्या, म्हणून माजघराचं छत राहिलं. मागची भिंत गेली. आई त्या भिंतीपासून चार हातांवर झोपली होती.

त्यानंतर वर्षभर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. जी गावं पुरती पडली, ती नव्या जागी वसवली. पन्नासच्या वर गावं होती, अडीचशे ते साडेसातशे चौरस फुटांची घरं, रांगेत. घरं मजबूत, पण त्यांत कोनाडा नाही, खुंटी नाही. माझी एक आत्या अशा घरात गेली, तेव्हा तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "दिवा कुठं ठेवू?" आमच्या वडिलांनी गावातलं उरलेलं घर उतरवलं, तुळया विकल्या आणि आम्ही लातुरात आलो. आईनं तेव्हापासून एक नियम केला. झोपायच्या जागेच्या वर भिंतीला काही टांगायचं नाही. फोटो नाही, घड्याळ नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. तीस वर्षांत आमच्या एकाही घरात पलंगाच्या डोक्याशी खिळा ठोकलेला नाही. मला त्याची इतकी सवय झाली की ती एक आवड आहे असंच मी धरून चालले होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी आईची पेटी उघडली. पेटी मुळात आजीची. पत्र्याची, हिरवी, कडीला गंज चढलेला, एक कोपरा आत दबलेला; मागची भिंत पडली तेव्हाचा. तिच्यात काय आहे हे मला माहीत होतं. जुनी लुगडी, वाकळीसाठी ठेवलेल्या चिंध्या, डांबराच्या गोळ्या. पण त्या दिवशी मी झाकण उघडून मागं टेकवलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूकडं बघत बसले. लहानपणापासून हजारदा बघितलेलं. तिथं आजीनं चित्रं चिकटवलेली होती. मधोमध कॅलेंडरमधून कापलेला विठोबा. त्याच्या आजूबाजूला गिरणीच्या कापडाच्या थानावर येणारी लेबलं: एकावर मोर, एकावर झुल्यावर बसलेली बाई, सोनेरी कड काळवंडलेली. काड्यापेटीवरचे छाप, ओळीनं. आणि उजव्या कोपऱ्यात एक लाल कौलांचं घर, मागं बर्फाचे डोंगर, पुढं नदी, नदीत बदक. आजी आयुष्यात पंढरपूर आणि तुळजापूर सोडून कुठं गेली नव्हती. तो बर्फाचा डोंगर तिनं कापून, कडा सरळ करून, खळीनं चिकटवून ठेवला होता आणि ते घर तिला रोज दिसायचं नाही, पेटी उघडली तरच दिसायचं.

मी लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "अगं, मूडबोर्डच की हा."

मग मी दुसरा बोर्ड करायला घेतला आणि यावेळी सुतारमिस्त्रींच्या सल्ल्यानं. सॉफ्टबोर्डची शीट आठ बाय चार फुटांची येते, त्यातला दोन बाय तीनचा तुकडा त्यांच्याकडं उरलेलाच होता. लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, बारा मिलिमीटर जाड, वजनाला हलका, टाचणी लोण्यात जावी तशी जाते. दुकानात निळं नाहीतर हिरवं फेल्ट लावलेले तयार बोर्ड मिळतात, पण ते बघितले की मला शाळेचा नोटीस बोर्ड आठवतो आणि फी भरायची राहिलीय असं वाटतं. मी त्यावर खादी ताणली. नांदेडला खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. तिथल्याच दुकानातून गेल्या वर्षी आणलेली साधी, न रंगवलेली, दुधी खादी माझ्याकडं होती.

कापड ताणण्यात एक गोम आहे आणि ती मला दोनदा फसल्यावर कळली. मी एका कोपऱ्यापासून सुरुवात करून पुढं पुढं पिना मारत गेले. शेवटच्या कोपऱ्यात सगळ्या सुरकुत्या गोळा झाल्या. मिस्त्री हसले. म्हणाले, "मॅडम, बाज विणताना कसं, आधी चारी बाजूंचे मध्य धरा." म्हणजे वरच्या कडेला मधोमध एक पिन, मग खालच्या कडेला समोरासमोर, मग डावी, मग उजवी, मग प्रत्येक मध्यापासून थोडं थोडं कोपऱ्यांकडं सरकायचं. कोपरे सगळ्यात शेवटी, पाकिटासारखे दुमडून. आणि कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर पहिल्या पावसाळ्याच्या दमट हवेत ते सैल पडतं. कागदांसाठी मी खळ केली, मैद्याची. आईनं वाटीत डोकावून विचारलं, "मोरचूद घातलास का? न्हाईतर कसर लागंल." पेटीच्या झाकणावरचे कागद पन्नास वर्षं टिकले ते या चिमूटभर मोरचुदामुळं. वापरताना हात मात्र लगेच धुवायचे, ते विषारी असतं.

आता त्यावर लावायचं काय? मी ठरवलं की छापलेलं चित्र एकच ठेवायचं, साण्याचं. बाकी सगळं हाताला लागणारं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या कापडाच्या पेठेत मी दोन दुपारी नुसती तुकडे मागत फिरले. 'नमुना द्या' म्हटलं की दुकानदार आधी संशयानं बघतात, मग कात्री घेतात. शहाबादी फरशीचा फुटका तुकडा बांधकामावरून उचलला. ओला केला की निळसर, वाळला की राखी. बाभळीची साल. गावच्या घराच्या जागेवरून मूठभर पांढरी माती, छोट्या काचेच्या बाटलीत. कागजीपुऱ्याचा हातकागद, खुलताबादच्या रस्त्यावरचा. तिथं कागद करायची विद्या तुघलकानं दौलताबादला राजधानी आणली तेव्हापासूनची, असं तिथले कारागीर सांगतात. त्याची कड कापलेली नसते, पिसासारखी असते. तिला मी हात लावत बसते.

रंगांचं मात्र भांडण झालं. पेंटरनं शेडकार्ड आणून दिलं, दीड हजार चौकोन, प्रत्येकाखाली इंग्रजी नाव आणि आकडा. मी आईसमोर धरलं. तिनं एकही नाव वाचलं नाही आणि बोट ठेवत गेली: "ही आबोली. हा मोतिया. ही आमसुली, पण कच्ची. हे चिंतामणी. हे डाळिंबी म्हणत्यात पण डाळिंबी न्हाई, ही गुलबक्षी." एक करडा रंग होता, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे दुखवट्याचं." पेंटर म्हणाला, "आजी, कोड सांगा." तो गेल्यावर मी त्या चौकोनांच्या मागं तिची नावं पेन्सिलीनं लिहून काढली. आपल्या बायकांना रंगांची केवढी भाषा येते आणि ती सगळी लुगड्याच्या दुकानात शिकलेली. भिंतीसाठी ती कुणी वापरत नाही. भिंतीला आपण 'लाईट' नाहीतर 'डार्क' म्हणतो आणि मोकळे होतो.

दिवाळीच्या सुट्टीत लेक आली, तेव्हा आम्ही तिघी अजिंठ्याला गेलो. पहिल्या लेण्यातली प्रसिद्ध चित्रं सगळे बघतात, लेक मला म्हणाली, "वर बघ." छत. सगळं छत चौकटी पाडून रंगवलेलं: एका चौकटीत कमळ, एकीत फळं, एकीत बदकं, एकीत हत्ती. एकमेकांशी संबंध नाही आणि तरी सगळं एका घरातलं वाटतं. दुसऱ्या लेण्यात तर छताला चांदवा ताणल्यासारखी वर्तुळात वर्तुळं. रंग तरी कोणते? तांबडी आणि पिवळी माती, म्हणजे आपला गेरू आणि त्याचे भाऊबंद, इथल्याच खडकात सापडणारी हिरवी माती, चुन्याचा पांढरा, दिव्याच्या काजळीचा काळा. निळा तेवढा लाजवर्दाचा, दूरदेशीहून आणलेला, आणि म्हणून जपून वापरलेला. पाचव्या शतकातल्या चितारीनंही शेजारच्या डोंगरातून नमुने गोळा केले होते तर. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं इथं वर्षानुवर्षं बसून या चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. आईचं लक्ष चित्रांकडं फारसं नव्हतं. तिनं रक्षकाला विचारलं, "एवढा डोंगर वर, पडत न्हाई का?" तो म्हणाला, "दीड हजार वर्षं नाही पडला, आजी." मग ती जरा आत सरकून उभी राहिली.

येताना पायथ्याशी पडलेला तांबूस खड्याचा तुकडा उचलावा असं फार वाटलं. उचलला नाही. लेकीनं डोळे वटारले होते.

बोर्ड मी हॉलमध्ये लावला, आईच्या बैठकीच्या समोरच्या भिंतीवर, खाली, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल असा. यावेळी ड्रिल मारून दोन स्क्रू. आईनं स्वतः हात लावून ओढून बघितला. मग मी एक नियम पाळला: काहीही लावलं तर पंधरा दिवस ठेवायचं आणि पंधराव्या दिवशी ज्याच्यावरून नजर नुसती घसरते ते काढून टाकायचं. चकचकीत टाईल गेली, सोनेरी हँडल गेलं, चॉकलेटी सनमायका गेला. माती राहिली. हातकागद राहिला. तिसऱ्या महिन्यात बोर्ड निम्मा रिकामा झाला आणि तेव्हा तो पहिल्यांदा बरा दिसायला लागला. एका गोष्टीसाठी मात्र मी आईची मिनतवारी केली होती. आजीच्या टोपपदराच्या इरकलीचा, डाळिंबी काठाचा, वीतभर तुकडा. चिंध्यांच्या गाठोड्यातून तो मीच शोधला. "कापड काय भितीला लावायचं असतंय व्हय?" ती म्हणाली, "वाकळंला ठिवलाय मी." शेवटी दिला, "वापस दे" असं सांगून.

घराचं काय झालं, ते थोडक्यात सांगते, कारण घर झालं की सगळ्यांची सारखीच होतात. सगळ्यात जास्त वाद साण्यावरून झाला. मिस्त्री म्हणाले, "स्लॅबला भोक ठेवायचं? लोकं भोकं बुजवायला पैसे देत्यात." शेवटी दोन बाय दोनचं ठेवलं, चहूबाजूंनी नऊ इंचांचा कठडा उचलून, म्हणजे पाणी आत येणार नाही, वर लोखंडी जाळी आणि जाड काच, आणि कठड्याला गरम हवा जायला फटी. कोनाडे मला चार हवे होते, दोनच झाले. आतल्या भिंती साडेचार इंचांच्या, त्यांत कोनाडा खोदला तर पलीकडून हात बाहेर येईल. बाहेरच्या नऊ इंची भिंतीतच तो बसतो. आणि आबोली फसली. शेडकार्डावरचा बोटभर चौकोन इतका नाजूक दिसत होता, तोच रंग बारा फुटांच्या भिंतीवर चढला आणि पश्चिमेचं ऊन पडलं, तेव्हा सगळी भिंत कांजिण्या आलेल्या पोराला लावायच्या कॅलामाइन लोशनसारखी झाली. मोठ्या भिंतीवर रंग दुप्पट बोलतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. लेकीनं सांगितलं होतं, म्हणे. दोन फुटांचा पट्टा मारून सकाळी, दुपारी आणि ट्यूबखाली, असा तीन वेळा बघायचा. मग डबा उघडायचा. आता तिथं मोतिया आहे.

वास्तुशांतीला आलेल्या आत्यानं कोनाड्यात दिवा ठेवला. साण्यातलं ऊन सध्या, म्हणजे मार्गशीर्षात, अकराच्या सुमाराला फ्रीजच्या दारावर पडतं. आईनं त्यावरून काय हिशेब बांधलाय मला माहीत नाही, पण ती घड्याळाकडं न बघता गोळी घेते.

बोर्ड नव्या घरात आणला. काम संपलं होतं, माळ्यावर टाकता आला असता, पण आईच्या खोलीबाहेरच्या बोळात टांगला. हळूहळू त्यावर गॅसची पावती आली, डॉक्टरची चिठ्ठी आली, लेकीच्या परीक्षेचं वेळापत्रक. साण्याचं छापील चित्र मी काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात सकाळी बघते तर इरकलीचा तुकडा गायब. खादी आता उजेडानं थोडी पिवळट पडलीय. तुकडा होता तिथं मात्र वीतभर चौकोन कोरा, दुधी, आणि त्याच्या चार कोपऱ्यांत टाचण्यांची चार भोकं. टाचण्या खालच्या कडेला ओळीनं टोचून ठेवलेल्या. आत आई वाकळ पुरी करत बसली होती. लेकीसाठीची वाकळ, दीड वर्ष चाललेली. चौथा कोपरा शिल्लक होता, त्यावर डाळिंबी काठ बसलेला आणि धावदोरा अर्ध्यापर्यंत आला होता.

"आई, बोर्डावरचा घेतलास?"

"कोपऱ्याला कमी पडायलं होतं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "सुईत दोरा ओवून दे."